शाळा भरलेली असताना

"मॅडम, तुम्ही डबा कुणाबरोबर खाता?"

विचारला मी, पण प्रश्न काही माझा नव्हता. तो मागच्या बाकावर वकील आणि सुतळी यांनी मिळून शिजवला होता. वकील म्हणजे माझी मैत्रीणच, वाद घालायला लागली की समोरच्याची बोलती बंद करते म्हणून वकील. आणि सुतळी का सुतळी ते तिला एकदा पाहिलं की कळतं. "विचारून दाखव," सुतळी म्हणाली. "नाही विचारणार ती, उगाच कशाला छळतेस तिला," वकील म्हणाली, आणि हे असं कुणी म्हटलं की माझं संपलंच. मला वर्गात माइक म्हणतात. माइकने गप्प बसायचं म्हणजे काय? समोर पूल मॅडम उभ्या होत्या. त्या आमच्या शाळेच्या समुपदेशक, दर गुरुवारी येतात, कुठल्याही वर्गावर गेल्या तरी आधी फळ्यावर एक पूल काढतात, अलीकडच्या काठावर दप्तरवाली मुलगी, पलीकडच्या काठावर तीच मुलगी, फक्त उंच. मग एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सहज कसं जायचं ते सांगतात. आम्ही दहावीच्या, म्हणून आज पलीकडच्या काठावर कॉलेज होतं. बोलून झाल्यावर त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाल्या, "काही शंका? काहीही विचारा गं, लाजू नका." आता इतकं म्हटल्यावर!

वर्ग हसला. हसायचं आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे जरा लवकरच हसला. मॅडमनी हाताला लागलेला खडू दुसऱ्या हाताने पुसला, मग तो दुसरा हात पहिल्याने पुसला. "डबा? खोलीतच खाते. एकटीच. दार लावून घेते, नाहीतर सारखे चेंडू मागायला येतात." त्यांना खेळाचं सामान ठेवायची खोली दिली आहे, तिथे बसलं की केसांनासुद्धा रबराचा वास लागतो. वर्ग पुन्हा हसला, या वेळी खरा, आणि मॅडमही हसल्या. मग सहज, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "आणि तू गं? तू कुणाबरोबर खातेस?" उत्तर काय अवघड होतं? माझ्या एका बाजूला वकील होती आणि दुसऱ्या बाजूला सुतळी, दोघी माझ्या डब्यातलं निम्मं संपवतात. पण माझ्या तोंडात जो शब्द आला तो होता 'जिन्याखाली'. जिभेवर आला, दातांपर्यंत आला, आणि मी तो तसाच गिळला. "ह्या दोघींबरोबर, मॅडम," असं मी मोठ्याने म्हणाले आणि बसले. सुतळीने मागून पाठ थोपटली. "मानलं तुला." माझे कान गरम झाले होते, आणि फळ्यावरच्या पुलाखाली मॅडमनी पाणी काढलेलं नाही, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं. पूल आहे आणि त्याच्या खाली नुसता फळा. तिथे कुणी असलं तर?

पाचवीत मी जिन्याखाली डबा खायचे. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, वकिलालाही नाही, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असंही नाही. मला कुणी विचारलंच नाही इतकंच. गंमत म्हणजे सगळं सहज व्हावं म्हणूनच सगळ्यांनी जीव ओतला होता. आमची छोटी शाळा चौथीपर्यंत, चाफ्याच्या रंगाची, एका मजल्याची, हाताने हलवायच्या घंटेची. मोठी शाळा दोन गल्ल्या सोडून. पाचवीत जाणाऱ्या मुलांनी घाबरू नये म्हणून मोठी शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आईबाबांबरोबर येऊन इमारत पाहून जायची, अशी पद्धत आहे. आम्ही गेलो. आईने इस्त्रीचा फ्रॉक घातला होता मला, म्हणजे कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जातोय असा. आणि काय सांगू, मला ती शाळा इतकी आवडली! लांबच लांब रिकामे व्हरांडे. मी धावले तर माझ्याच पावलांचा आवाज माझ्या मागून धावत आला. बाबा लिफ्टची देखभाल करतात, कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वर बघतात आणि मग खाली. त्यांनी मला खुणा लावून दिल्या. "हे बघ, भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं दिसलं की डावीकडे. मग पाण्याचे नळ. नळ ओलांडले की तुझा वर्ग. चुकायचं नावच नाही." माझ्या वर्गात मी खिडकीजवळचं तिसरं बाक निवडलं, त्यावर बसून पाहिलं, त्याच्या कडेला कुणीतरी कोरलेल्या माशावर बोट फिरवलं. बाबांनी मला उचलून विजेची घंटा दाखवली. घरी जाताना मी म्हणाले की ही शाळा माझी आहे, आणि आई बाबांकडे बघून हसली. झालं, पोरगी रुळली.

मग सोमवारी शाळा भरली. भरली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. फाटकातून आत ढकलली गेले तेव्हा समोर व्हरांडा नव्हताच, नुसत्या पाठी होत्या. पाठी, दप्तरं, कोपरं, कुणाच्या तरी पट्ट्याचं बक्कल बरोबर माझ्या नाकासमोर. लाल नळकांडं कुठे? ते बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लोक होते. नळ होते, पण नळांपुढे इतकी झुंबड की नळ आहेत हे नुसतं आवाजावरून समजावं. मी हरवले, आणि ज्या जागेत मी आदल्या दिवशी धावले होते तिथेच हरवले. नवीन जागेत हरवलेला माणूस निदान विचारतो तरी. मला वाटत होतं की मला तर सगळं माहीत आहे. आपलंच घर कुठे म्हणून कोण विचारतं? शेवटी वर्ग सापडला तेव्हा शिक्षिका हजेरी घेत होत्या, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या आणि त्यातली एक माशावर बोट फिरवत होती. मी दाराजवळ बसले. छोट्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणी इतर तुकड्यांत वाटल्या गेल्या होत्या. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग एका झटक्यात बाहेर गेला, कुणाचा कुणाला धक्का लागला, कुणी कुणाचा हात धरला, आणि ज्यांचे हात सुटे होते त्यात मी होते. गर्दी जिकडे ढकलेल तिकडे गेले, आणि गर्दी सरली तेव्हा जिन्याखाली होते.

तिथे ओल्या फडक्याचा वास यायचा. फरशी पुसायच्या काठ्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या, एक बादली, एक मोडकं बाक, आणि डोक्यावर तिरका जिना, खाली उतरत उतरत माझ्याकडे येणारा. पहिले काही दिवस मला वाटायचं की उद्या नाही येणार इथे. मग मी असं वाटून घेणं सोडलं. माणसाला सवय होते म्हणतात, पण ती सवय नव्हती, तो एक प्रकारचा उद्योगच होता. पायऱ्यांच्या फटींतून बूट दिसायचे. मी बुटांवरून माणसं ओळखायला लागले. एका बुटाची नाडी कायम सुटलेली. एक जोडी नेहमी धावत उतरायची आणि शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून गाळायची. आणि एक जोडी होती जी मधेच थांबायची, कारण तिच्या मालकिणीला भांडताना चालता यायचं नाही. बूट थांबायचे, वरून आवाज यायचा, "नाही नाही, आधी माझं ऐकून घे," आणि मग बूट पुन्हा चालू. ते बूट वकिलाचे होते. आज ती माझ्या जिवाची मैत्रीण आहे, पण तिचा चेहरा मला बुटांनंतर कितीतरी महिन्यांनी कळला, हे तिला ठाऊक नाही. मी तिथे बसून तिच्या भांडणात तिची बाजू घ्यायचे, मनातल्या मनात. कधीकधी ती हरायची तेव्हा मला घास जायचा नाही.

पण डबा मात्र मी संपवायचे. आई दवाखान्यात रिसेप्शनला असते, दिवसभर लोकांना "बसा, बोलावते" म्हणून म्हणून घरी येते, आणि आल्या आल्या, चपला काढता काढताच, तिचा प्रश्न ठरलेला: "डबा संपवलास?" मी म्हणायचे, "संपवला." ती डबा उघडून बघायची. खरंच रिकामा. मग तिचा चेहरा असा निवायचा की मला तिच्यासाठी बरं वाटायचं. रात्री बाबांना सांगायची, "डबा रोज संपवते हं, म्हणजे छान चाललंय." मी वाट बघायचे. पुढचा प्रश्न येईल म्हणून वाट बघायचे. कुणाबरोबर खाल्लास? दोन शब्दांचा तर प्रश्न, विचारला असता तर मी काय बोलले असते कोण जाणे, कदाचित रडले असते, कदाचित नुसतीच आईच्या पदराला हात पुसले असते. तो आला नाही. आणि आज इतक्या वर्षांनी तो आला तो माझ्याच तोंडातून, पैजेवर, दुसऱ्याच माणसाला, सगळ्या वर्गाने हसावं म्हणून.

घंटा झाली. सुतळी म्हणाली, "चल, पैज जिंकलीस, आज माझ्या डब्यातलं तुला." मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, आलेच." "काय गं, चेहरा का असा? रागावल्या थोड्याच मॅडम?" वकिलाने विचारलं. तिचा आवाज अगदी तोच, वरून येणारा. मला एकदम वाटलं की हिच्या शेजारी उभी राहूनही मी हिला खालूनच ऐकतेय. असं होतं मला हल्लीसुद्धा. आम्ही तिघी खिदळत असतो, सगळ्यात मोठा आवाज माझा असतो, आणि तेवढ्यात मधेच कुणीतरी आतून कान देऊन ऐकतं, की बघा वर किती मजा चाललीय. आठवीत घोषणा करणारी ताई आजारी पडली आणि खेळाच्या सरांनी जी पहिली मुलगी दिसली तिच्या हातात माइक कोंबला, ती मी. मी 'हॅलो' म्हणाले. माझा 'हॅलो' सगळ्या इमारतीभर फिरला, व्हरांड्यांत, वर्गांत, नळांपाशी, आणि मला पक्कं ठाऊक होतं की तो जिन्याखालीही गेला. तेव्हापासून मी गप्प बसलेलीच नाही. लोकांना वाटतं की मी मोठ्या शाळेसाठी बोलते. मी एका जागेसाठी बोलते.

आणि आज त्या जागेची आठवण मला छळत होती ती माझ्यासाठी नव्हे. सकाळी बटणाची वेणी घालत होते. बटण म्हणजे माझी धाकटी बहीण, चौथीत आहे, गोल आणि घट्ट, बघितलं की लावावंसं वाटतं असं बटण. आरशात माझ्याकडे बघत ती म्हणाली, "ताई, मी पेपर कोरा देणार आहे." "का गं बाई?" "मग मला चौथीतच ठेवतील." मी हसले. म्हटलं, "हल्ली कुणाला ठेवत नाहीत, वेडे, वर ढकलतातच." तिने हातातलं रबर ताणून पाहिलं. मग म्हणाली, "ढकलतात?" तिच्या डोक्यात तो शब्द ज्या रीतीने जाऊन बसला ते मला आरशात दिसलं, आणि तरी मी रबर बांधून तिला उठवलं, कारण उशीर होत होता. स्वयंपाकघरातून बाबा ओरडले, "बटणशेठ, यंदा परीक्षेच्या आधीच दाखवतायत, या रविवारी तुमची मोठी शाळा बघायची बरं का! ताईला विचार, ताई कशी एका दिवसात रुळली ते!" आई म्हणाली, "हिचं काही टेन्शनच नव्हतं. डबासुद्धा रोज संपवायची."

पूल मॅडमच्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी वाजवलं. आतून आवाज आला, "चेंडू सरांकडे मागा!" "मॅडम, चेंडू नकोय," मी म्हणाले. दार उघडलं. टेबलावर डबा उघडा, शेजारी एक पुस्तक पालथं घातलेलं, आणि मागे जाळ्यात भरून ठेवलेले चेंडू, सगळे मॅडमच्या जेवणाकडे बघत असल्यासारखे. "माफी मागायला आलीस का?" त्या म्हणाल्या. "अगं, मला राग नाही आला. उलट बरं वाटलं. असं कुणी विचारत नाही." मी माफी मागायला आले नव्हते, पण आता मागून टाकली. मग विचारलं, की मोठी शाळा रविवारीच का दाखवतात? मॅडम खुर्चीवर बसल्या. "मीच सुचवलं होतं ते, नोकरीला लागले तेव्हा. आधी मुलं एकदम पहिल्या दिवशीच यायची आणि फाटकाशी रडायची. म्हटलं, रिकामी बघितली की मोठी नाही वाटणार." "मोठी नाही वाटत, मॅडम," मी म्हणाले, "आपली वाटते. मग सोमवारी कळतं की ती आपली नाहीये." हे मी असं कसं बोलले, मलाच कळेना. पाठ केलेलं नव्हतं. मॅडमनी डब्याचं झाकण उचललं आणि ते लावायचं विसरून हातातच धरलं. "आता फाटकाशी कुणी रडत नाही," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणून मला वाटलं जमलं." "नाही रडत. आत येऊन बसतात." "कुठे?" मी हात केला. जिना खोलीच्या दारातून दिसतो. मॅडम दर गुरुवारी त्याच्यावरून जातात. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, कारण उत्तर आता त्यांना ठाऊक होतं. खुर्ची थोडी सरकवून त्यांनी समोरच्या स्टुलावरचे दोन चेंडू खाली ठेवले. मी बसले. थोडं त्यांच्या डब्यातलं खाल्लं. मग त्यांना बटणाचं सांगितलं, कोऱ्या पेपरचं, आणि मला काय करायचंय तेही. "मधल्या सुट्टीत? अगं, धक्के खाईल ती." "हो, मॅडम." "बाईंना मला विचारावं लागेल," म्हणजे मुख्याध्यापिकांना. "कधी म्हणतेस?" मी म्हणाले, पुढच्या गुरुवारी. "गुरुवारीच का?" "तुम्ही गुरुवारीच असता म्हणून." त्या घंटा व्हायच्या आधी बाईंकडे जाऊन आल्या आणि व्हरांड्याच्या त्या टोकावरून मला मान हलवून दाखवली. मधे इतकी गर्दी होती की मला फक्त मानच दिसली.

शाळा सुटल्यावर बटणाला घ्यायला छोट्या शाळेत गेले. फाटकाशी ती नेहमीसारखी दोघीतिघींच्या गळ्यात गळा घालून उभी होती, एकमेकींचे डबे हुंगून आज कुणाच्या डब्यात काय होतं ते ओळखायचा त्यांचा खेळ चालला होता. इथे ती कुणाबरोबर खाते हे विचारायची गरजच नाही. ह्याच फाटकात मीसुद्धा अशीच गळ्यात गळे घालून उभी असायचे, मग त्या गळ्यांचं काय झालं? काही वाईट झालं नाही. सुट्टी आली आणि मग तुकड्या पडल्या. कुणी कुणाला सोडलं नाही, नुसतंच कुणी कुणाला धरलं नाही. वाटेत बटणाने माझं बोट धरलं आणि विचारलं, "ताई, मोठ्या शाळेत तू असशील ना?" मी चालत राहिले. मी नसणार. सुट्टीनंतर ती पाचवीत आणि मी कॉलेजात, शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे वकील वेगळ्या शाखेत आणि सुतळी वेगळ्याच कॉलेजात असेल आणि मला कुणीच माइक म्हणणार नाही. हे मी इतके दिवस बाजूला ठेवलं होतं. त्या इमारतीलाही एखादा जिना असेलच.

रात्री जेवायला बसलो तेव्हा बाबा कुठल्याशा नव्या इमारतीची गोष्ट सांगत होते. तिथला मालक घाई करत होता, लिफ्ट चालतेय ना, मग द्या सही करून. "मी म्हटलं, शेठ, रिकामी लिफ्ट कुणीही वर नेऊन दाखवेल. आधी भार टाकतो, पोती भरतो, मग सांगतो चालते की नाही." ही गोष्ट आम्ही हजारदा ऐकली आहे, फक्त मालक बदलतो. बटण भाताचे ढीग करत बसली होती. आई म्हणाली, "रविवारी लवकर आटपा हं सगळे, हिचा फ्रॉक मी काढून ठेवलाय." माइकवर बोलणं सोपं असतं, समोर कुणाचा चेहरा नसतो.

"रविवारी नाही जायचं," मी म्हणाले.

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही मला रिकामी शाळा दाखवलीत. मग सोमवारी ती भरली आणि मला लाल नळकांडं दिसलंच नाही. मी पाचवीत वर्षभर जिन्याखाली बसून जेवले. एकटी."

बाबांचा हात घासासकट तिथेच राहिला. आई आधी हसली, म्हणजे मी काहीतरी विनोद करतेय म्हणून, आणि मग तिचं हसू चेहऱ्यावर तसंच विसरून राहिलं. "पण डबा तर... डबा तर रोज संपवायचीस तू."

"संपवायचे ना. बोलायला कुणी नसलं की लवकर संपतो गं आई."

बटणाने भाताचे ढीग करायचं थांबवलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, आरशातून नाही, सरळ. आईने आपला हात माझ्या पाठीवर ठेवला, मग काढून घेतला, मग पुन्हा ठेवला. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मला नुसती भूक लागली होती, विलक्षण भूक.

"पुढच्या गुरुवारी मधल्या सुट्टीत मी हिला मोठ्या शाळेत नेणार आहे," मी म्हणाले. "भरलेल्या शाळेत, हिच्या डब्यासकट. बाईंची परवानगी मिळालीय. फाटकातून आत एकटी सोडणार हिला, आणि हिने आम्हाला शोधायचं. वकील असेल, सुतळी असेल, आमच्या एक मॅडम असतील. फ्रॉकला इस्त्री नको."

"अगं, पण एवढ्या गर्दीत ती हरवली म्हणजे?" बाबा म्हणाले.

"हरवेलच, बाबा. सुट्टीनंतर मी तिथे नाहीये. म्हणून मी असेपर्यंत तिला हरवून घेऊ दे."